चढली ती एकच बाई

"आमच्या गावातून पाहुणा कधी उपाशी गेला नाही." लग्न होऊन आले त्या दिवसापासून हे वाक्य ऐकते आहे. सासूबाई सांगतात, दीर सांगतात, पारावर बसलेलं कुणीही सांगतं, आणि सांगताना असा चेहरा करतात, जणू बाकीच्या गावांत पाहुण्याच्या अंगावर कुत्री सोडतात. पूर्वी मलाही त्याचं कौतुक होतं. आता ते वाक्य कानावर पडलं की तळपायाची आग मस्तकात जाते. का जाते ते सांगते.

गाव खालापूर तालुक्यातलं, कर्जत-पनवेल लाइनीला लागून. आमचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक पत्र्याची शेड आणि मनात आलं तर उघडणारी तिकिटाची खिडकी. लांबच्या गाड्या आणि मालगाड्या आमच्याकडे ढुंकूनही न बघता धडधडत जातात. थांबते ती सकाळी पनवेलकडे जाणारी पॅसेंजर, आणि संध्याकाळी तीच परत येते तेव्हा. तिच्यात बसायला जागा मिळते, नशिबात असलं तर खिडकीही मिळते. वाडीवरच्या बायका करटुली नाहीतर शेवग्याच्या शेंगा घेऊन पनवेलच्या बाजाराला निघालेल्या असतात, त्यांच्या पाट्या दाराशी ठेवलेल्या असतात. नर्सिंगला जाणाऱ्या मुली असतात. मी पनवेलच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, म्हणून मी असते. आणि माझी धाकटी जाऊ असते.

पुरुष फारसे नसतात. माझा नवरा साजगावच्या कारखान्यात, त्याला कंपनीची बस न्यायला येते. रसायनीला जाणारे मोटरसायकलवर जातात. ज्यांनी शेतं फार्महाऊसवाल्यांना विकली त्यांच्याकडे तर गाड्याच गाड्या आहेत, फक्त जायला ठिकाण नाही. तेव्हा आमची पॅसेंजर ही बायकांची गाडी. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही गाडीबद्दल बोलायची वेळ आली की बोलतात पुरुषच.

जाऊबद्दल सांगायला हवं. ती डी. फार्म. झालेली. लग्न ठरताना आमच्या घराने "मुलगी शिकलेली हाय हां" म्हणून सगळ्या भावकीत मिरवून घेतलं. मग मूल झालं, मग सासऱ्यांचं आजारपण आलं, दरवर्षीची भातलावणी आणि झोडणी होतीच, आणि तिचं सर्टिफिकेट साड्यांच्या खाली कपाटात गेलं. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा मीच तिच्या मागे लागले. पनवेलच्या एका हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर तिला नोकरी मिळाली. पहिला आठवडा ती गाडीत माझ्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची. मग हळूहळू बोलायला लागली. एकदा म्हणाली, "ताई, तिथं मला मॅडम म्हणतात." घरात तिला कुणी नावानेही हाक मारत नाही, नुसतं 'अगं' म्हटलं की भागतं.

पण दिरांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती. "गाडी हाय तवर नोकरी. रस्त्यानं जायचं नाय." रस्त्याने जायचं म्हणजे नाक्यापर्यंत पायी, तिथून टमटम, मग हायवेवर एसटीची वाट बघत कंटेनरच्या धुरात उभं राहायचं. पोरगं उठायच्या आत निघायचं आणि ते झोपल्यावर परतायचं. अट मला पटली नव्हती, पण गाडी होती म्हणून मी वाद घातला नाही. गाडी कुठे पळून जातेय, असं वाटलं होतं.

दीर ग्रामपंचायतीत सदस्य आहेत. एका दुपारी ते मोटरसायकल उभी करायच्या आधीच ओरडत आले, "वहिनी, फास्ट गाडी येतेय! छोटी, डिझेलवरची. कर्जत-पनवेल एकदम सुसाट!" त्यांनी सांगितलं त्याचा अर्थ मी असा लावला, की कुठल्या तरी मोठ्या मार्गावर धावून थकलेल्या वेगवान डिझेल गाड्या आता तिथे नको झाल्यात, त्यांचे मधले डबे काढून त्या आखूड करायच्या आणि आमच्यासारख्या लहान मार्गांवर नोकरदारांसाठी सोडायच्या, असा प्रस्ताव आहे. थोरल्याचा सदरा उसवून धाकट्याला शिवायचा, तसं. मी विचारलं, "भाऊजी, वर विजेच्या तारा आहेत, मग खाली डिझेल कशाला?"

"वहिनी, तुमचं नेमी आडवंच," ते म्हणाले.

आडवं तर आडवं. या भागाला नवं कापड कधी मिळालंय? कारखान्यांचा वास आम्हाला आणि फार्महाऊसवाल्यांच्या पार्ट्यांच्या बाटल्या आमच्या ओढ्यात. आता दुसऱ्यांनी वापरून टाकलेली गाडी. पण जाऊ भाकरी थापता थापता म्हणाली, "लवकर घरी येता येईल ताई. अंधाराच्या आत." मग मी तो विषय सोडला. वेगवान गाडी म्हणजे आपण लवकर पोचणार, असं सगळ्या गावाने धरून चाललं होतं. ती आपल्याकडे थांबेल का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

काही दिवसांनी निरोप आला, की सल्लागार कंपनीची माणसं येणार आहेत. सगळ्या स्टेशनांवर एकेक दिवस बसून किती माणसं गाडीत चढतात आणि किती उतरतात ते मोजणार, आणि त्यावरून नव्या गाडीचे थांबे ठरणार. निरोपात हे स्पष्ट होतं. लहान मुलालाही कळेल इतकं स्पष्ट होतं. आणि आमच्या गावाने त्यावर सभा घेऊन काय ठरवलं? पाहुण्यांचं स्वागत.

फलाटावर आंब्याचं तोरण, रांगोळी, बेंजो, शाळेतल्या पोरांचं स्वागतगीत. वाडीवरच्या बायकांनी नऊवारी नेसून पुढे उभं राहायचं, फोटोत चांगलं दिसतं म्हणून. दुपारचं जेवण आमच्या घरी. गावठी कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या, कुणी शाकाहारी निघाला तर वालाचं बिरडं. आणि दिरांनी सगळ्यांना बजावलं, "त्या दिवशी कुनी कामावर जायचं नाय. समद्यांनी स्टेशनवर हजर ऱ्हायचं. गाव दिसला पायजे."

मी सभेच्या मागच्या बाजूला उभी होते. म्हटलं, "भाऊजी, ते गाडीत चढणारी माणसं मोजायला येतायत. सगळे फलाटावर उभे राहिले तर चढणार कोण?"

ते हसले. "वहिनी, चढनं रोजचंच हाय. पाव्हनं रोज येतात का?"

सगळी सभा हसली. बायकासुद्धा हसल्या. त्याचा राग मला अजून आहे. त्यांच्यातल्या निम्म्या बायका रोज माझ्याबरोबर गाडीत बसतात.

घरी आल्यावर मी जाऊला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, तू तरी चल. ती सासूबाईंकडे बघायला लागली. सासूबाई तांदळाचं पीठ चाळत होत्या. "घरात पाव्हनं नि सून गाडीत? लोकं काय म्हनतील? भाकरी काय मी थापू, या गुडघ्यांनी?" जाऊने हॉस्पिटलात फोन करून रजा सांगितली. माझ्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या, मला रजा घेता येणार नव्हती. खरं सांगायचं तर परीक्षा नसत्या तरी मी घेतली नसती. सासूबाई माझ्याशी त्या रात्रीपासून बोलल्या नाहीत, आणि नवरा दोघींच्या मधून असा वावरत होता, जणू तो या घरात भाड्याने राहतो.

त्या सकाळी आमचं स्टेशन ओळखू येत नव्हतं. इतकी माणसं तिथे मी कधी बघितली नव्हती. कंपनीचे दोन तरुण कर्मचारी हातात मोजायचं यंत्र घेऊन खुर्च्यांवर बसले होते, आणि दोघांच्या गळ्यात झेंडूचे हार. त्यांचे साहेब बाजूला उभे, त्यांना फेटा बांधला होता. बेंजो असा कडकडत होता की गाडीची शिटी ऐकूच आली नाही. गाडी आली. गार्ड दारातून वाकून बघायला लागला, बिचाऱ्याला वाटलं असेल की आज सगळं गाव पनवेलला निघालं. मग सगळ्या गावाने गाडीला हात हलवले. पोरांनी गाणं म्हटलं. मोबाइलवर फोटो निघाले. चढलं कुणीच नाही.

मी चढले. वाडीवरची एक म्हातारी, रोज माझ्याच डब्यात पाटी ठेवणारी, आज नऊवारी नेसून रांगेत उभी होती. ती म्हणाली, "चाललीस गं बाय?" म्हटलं, चालले. खिडकीतून मी त्या तरुण कर्मचाऱ्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि यंत्रावर अंगठा एकदा दाबला. मग गाडी हलली आणि फलाटावरचं सगळं गाव मला टाटा करत मागे गेलं. मला हसूही येत होतं आणि कुणाच्या तरी कानाखाली जाळ काढावासाही वाटत होता.

संध्याकाळी उतरले तेव्हाही एकटीच. कर्मचारी सकाळपेक्षा सुस्तावलेले दिसत होते, कोंबडी चांगलीच लागू पडली होती. घरी जाऊ मोरीत पातेली घासत होती. तिच्या मनगटाला तव्याचा चटका बसला होता. "साहेबांना भाकरी फार आवडली ताई," ती म्हणाली. "म्हणाले, अशी भाकरी पनवेलात मिळत नाही." तिला बरं वाटलं होतं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. मी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि घासायला बसले. बोलले असते तर ओरडलेच असते.

मग बरेच महिने काही नाही. दीर अधूनमधून सांगायचे, वर बोलणं चालू आहे, फाइल पुढे सरकली आहे. मग एक दिवस बातमी आली की नव्या गाडीची चाचणी होणार. पुन्हा मंडळी फलाटावर गेली, या वेळी नारळ आणि इंजिनाला घालायला हार घेऊन. मी सुट्टीच्या दिवशी घरी होते म्हणून बघायला गेले. गाडी खरंच आखूड होती, तोंड निमुळतं, रंग ताजा मारलेला. आली कधी आणि गेली कधी, कळलं नाही. धुळीचा लोट आमच्या डोळ्यांत आणि हार दिरांच्या हातात. "ट्रायल हाय," ते डोळे चोळत म्हणाले. "ट्रायलला थांबत नसतात." मग त्यांनी नारळ फलाटाच्या कडेवर फोडला, कारण आणलेला नारळ परत न्यायचा नसतो.

त्यानंतर तेच साहेब गावाला समजावून सांगायला आले. आमच्याच ओटीवर बसले, कारण मागच्या वेळी तिथेच जेवले होते. गावातली पाच-पंचवीस माणसं अंगणात आणि ओटीवर. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, मी खांबाला टेकून, जाऊ आत दाराच्या आड. साहेब स्वभावाने चांगले होते. कुणावर आवाज चढवत नव्हते, सगळ्यांना काका-काकू म्हणत होते. मला त्याचाच जास्त राग येत होता, कारण आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

त्यांनी सांगितलं ते असं. लाइन एकच आहे. नवी गाडी चालवायची तर तिला पॅसेंजरची वेळ द्यावी लागेल, म्हणून पॅसेंजर बंद करायचा प्रस्ताव आहे. नवी गाडी वेगवान आहे, ती थोड्याच ठिकाणी थांबेल. आमचं स्टेशन त्यात नाही.

मग दीर म्हणाले, "साहेब, गर्दी तुमी सोता बगितली ना? फोटो हायत!" आणि त्यांनी मोबाइल काढून पुढे धरला.

साहेबांनी फोटो बघितले. अगदी प्रत्येक बघितला. "गर्दी दिसतेय," ते म्हणाले. "पण आम्ही चढणारे मोजतो. त्या दिवशी तुमच्याकडून एक प्रवासी चढला. एक बाई."

सगळी ओटी माझ्याकडे वळली.

"आवो, आमी तुमच्यासाठी थांबलो हुतो! तुमी पाव्हनं!" दिरांचा आवाज चिरकला. मला त्यांची कीव आली, आणि आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"ते मला कळतं," साहेब म्हणाले. "पण तसं अहवालात लिहिता येत नाही. आणि गाडी सगळीकडे थांबायला लागली तर ती वेगवान कसली?"

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, साहेब, तुम्ही दिवसभर इथे होतात. सगळ्या गावाने काम बंद ठेवलंय हे तुम्हाला दिसत होतं. फेटा बांधून घेताना दिसत होतं, कोंबडी ओरपताना दिसत होतं. दुसऱ्या दिवशी येऊन मोजायला तुमचे पाय मोडले होते का? एका दिवसावर गावाचा हिशेब मिटवलात, आणि तो दिवस कसा होता ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि वेगाचं कौतुक आम्हाला काय सांगता? आमच्या डोळ्यांदेखत धूळ उडवत जाणारी गाडी कितीही लवकर पनवेलला पोचली, तरी आम्ही फलाटावरच ना? मग मी दिरांकडे वळले आणि म्हटलं, भाऊजी, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तुम्हाला गाव दाखवायचा होता, दाखवलात. नवरा मला डोळ्यांनी खुणावत होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो."

तेवढ्यात दाराआडून जाऊ बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिने सावरला नाही, हे मला आठवतं, कारण सासूबाईंनी तिच्याकडे झटकन वर बघितलं. ती ओटीच्या कडेपर्यंत आली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, त्या दिवशी तुमी भाकरी खाल्लीत ना, ती मी केली."

"हो, हो, आठवतं ना," साहेबांचा चेहरा खुलला. "फार सुंदर होती."

"मी रोज त्या गाडीनं जाते. हॉस्पिटलात औषधं देते. त्या दिवशी तुमची भाकरी नसती तर मी गाडीत असते. नर्सिंगच्या पोरी बी असत्या, भाजीवाल्या असत्या. आमी समद्या चुलीपाशी नायतर तोरणाखाली हुतो." मग तिने एवढंच विचारलं, "आता लिहिता येईल का हे?"

साहेबांनी खाली बघितलं. "ताई, तेव्हाच सांगायला हवं होतं. आता प्रस्ताव वर गेलाय. मी तोंडी कानावर घालेन."

तोंडी कानावर घालेन. जाऊने मान हलवली आणि तिथेच, साहेबांसमोर, दिरांसमोर, ओटीच्या कडेवर बसली. दीर बायकोकडे बघत नव्हते. गाडी आहे तोवर नोकरी, ही अट त्यांनीच घातलेली, आणि गाडी त्यांनीच घालवलेली. आता अट मागे घ्यायची तर सगळ्या गावादेखत आपली चूक कबूल करायला लागणार होती, आणि तेवढी छाती त्यांच्याजवळ नव्हती.

साहेबांनी लॅपटॉप मिटला. हात चोळले. सगळं अवघड बोलून झालं की माणसाला जसं हलकं वाटतं तसे ते हसले आणि म्हणाले, "चला, आता चहा घेतो आणि निघतो. तुमच्या गावातून तसंच थोडंच जाऊ देणार आहात?"

दिरांना जीव परत आल्यासारखं झालं. करण्यासारखं काही तरी मिळालं. "अगं, चा ठेव," ते म्हणाले.

जाऊ सवयीने उठायला लागली. खरंच उठायला लागली, हात जमिनीला टेकलाही होता. सासूबाईंनी उंबऱ्यातून पुढे सरकून हात लांब केला आणि तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"कुनी उठायचं नाय," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. आवाज नेहमीचाच, भाजीचा भाव विचारावा तसा. "बाबा, तुमाला जेवू घातलं, त्यात माझ्या सुनेची नोकरी गेली. आता चा पाजला तर काय जाईल?"

साहेब हसले. म्हातारी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. दीर "आई, अगं, काय हे" म्हणत राहिले. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही, पदरही सोडला नाही. साहेब अजून थोडा वेळ बसून राहिले, आतल्या दाराकडे एकदोनदा बघितलं, मग लॅपटॉप उचलून उठले आणि चपला घालायला लागले. त्यांना गाडीपर्यंत सोडायला कुणी गेलं नाही.